ठोंब्याची शिकवणी

९ जानेवारी, मंगळवार

ठोंब्याने बाबांना चावलं.

उजवा हात, अंगठ्याच्या खाली. वरचे दोन सुळे, खालचे दोन. मी रोज लोकांच्या कवळ्या बनवते, दातांचे ठसे घेण्यात माझी बारा वर्षं गेली — पण इतका स्वच्छ ठसा प्लास्टरमध्येही कधी आला नाही. हे सुचावं का मला त्या वेळी? सुचलं! मग पट्टी आणायला आत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

झालं असं. कामावरून आल्यावर पिशवी मी दारातच ठेवली. आत एका आजींच्या कवळीचा मेणाचा नमुना होता, उद्या त्यांच्या तोंडात बसवून बघायचा होता. ठोंब्याने तो काढला आणि टेबलाखाली जाऊन बसला. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात आणि मागे ह्याचं काळं थोबाड. बाबा वाकले आणि त्यांनी सरळ त्याच्या तोंडात हात घातला.

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शनं लिहून दिली. बाबा त्यांना म्हणतात, "चावला नाही हो. लागलं." डॉक्टर म्हणाले, "चार ठिकाणी?" सासरे आहेत माझे, पण त्यांना असं तोंडावर खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ते पत्र आहे. एक एप्रिलपासून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये नोकरी, हाताखाली सहा माणसं. ह्या आठवड्यात बाबांना सांगणारच होते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही तिघंच — मी, बाबा आणि नवऱ्याने जाण्याआधी चार महिने खोक्यात घालून आणलेला हा पोरका जीव. तिकडे मला पाचव्या मजल्यावर एक खोली मिळणार. म्हणजे कुत्रा बाबांजवळ राहणार. आणि हा बाबांनाच चावतोय!

आता कुठल्या तोंडाने सांगू?

१० जानेवारी

आजींचा नमुना पुन्हा केला. पहिल्याला एक दाढ कमी आहे. ती ठोंब्याच्या पोटात असावी.

११ जानेवारी, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "चटक लागली की सोडत नाहीत ही जनावरं. देऊन टाका कुणाला तरी."

बाबांनी ऐकलं नाही. त्यांना ऐकूच येत नाही. एकतीस वर्षं छापखान्यात रोटरी मशीनवर काढली, कान तिथेच ठेवून आले. कानातलं मशीन घ्या म्हटलं की म्हणतात, "एका मशीनने नेलं, आता दुसरं कशाला?"

मी ओरडून वहिनींचा निरोप सांगितला. बाबा म्हणाले, "कुत्रा घरातच राहील. विषय संपला." आणि पट्टी बांधलेल्या हाताने त्याला पोळीचा तुकडा टाकला. लांबून.

दवाखान्यातल्या नर्सने एक फोन नंबर दिला आहे. पोलिसांची कुत्री शिकवायच्या एक बाई, आता निवृत्त. घरी येऊन शिकवतात म्हणे.

१३ जानेवारी, शनिवार

बाई आल्या. साठीला टेकलेल्या, आडव्या बांध्याच्या, पायात कॅनव्हासचे बूट. दोन्ही खिशांत उकडलेल्या कलेजीचे तुकडे! आल्या त्या ठोंब्याकडे न बघता जमिनीवर फतकल मारून बसल्या, त्याच्याकडे पाठ करून. तो भुंक भुंक भुंकला. त्या माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या. पाच मिनिटांनी त्याचं नाक त्यांच्या खिशात होतं.

"बसा की खुर्चीवर, हवालदारबाई," बाबा म्हणाले.

"फौजदार होते मी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आजोबा, तिथे बसा."

"आजोबा कुणाचे?" — बाबांना हे बरोबर ऐकू आलं!

मग चौकशी. खऱ्या पोलिसासारखी. कोण कुठे होतं, हात कुठून आला, कुत्र्याच्या मागे भिंत होती का.

"चावण्याआधी त्याने काय केलं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "एकदम चावला."

"एकदम कुणी चावत नाही. गुरगुरला असेल."

"नाही. मी एवढा जवळ होतो!"

 मी मात्र स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं होतं. चांगलं दहा-पंधरा सेकंद गुरगुरत होता. मला वाटलं, खेळतोय. मी सांगितलं तसं.

फौजदारबाईंनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यांना कमी ऐकू येतं?"

मी मान हलवली. बाबांना कळलं काय चाललंय ते. बराच वेळ टेबलाखाली बघत राहिले.

"म्हणजे तो मला सांगत होता?"

"ओरडून सांगत होता," बाई मोठ्याने म्हणाल्या. "मागे भिंत, पुढे तुम्ही, तोंडात त्याचा खजिना. बिचाऱ्याने आधी सांगून पाहिलं. तुम्ही हललाच नाही. मग काय करेल?"

"मग चूक माझी," बाबा म्हणाले. आणि वाकून त्याला म्हणाले, "माफ कर रे बाबा!" इतक्या मोठ्याने, की ठोंब्या पलंगाखाली गेला तो बाई जाईपर्यंत बाहेर आला नाही.

जाताना बाईंनी सांगितलं ते लिहून ठेवते. गुरगुरला तर रागवायचं नाही. गुरगुरणं बंद करायला शिकवलं की तो न सांगता चावायला शिकतो. तोंडातलं काही ओढायचं नाही, त्याहून चांगलं काही देऊन सौदा करायचा. आणि बाबांनी कानाने नाही, डोळ्यांनी ऐकायचं. ओठांवरून जीभ फिरवली, झोप नसताना जांभई दिली, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दाखवला, अंग ताठ झालं — म्हणजे तो अस्वस्थ आहे. मागे सरा.

"आणि शेपूट हलली तर खूश," मी हुशारी दाखवली.

"शेपूट हलली म्हणजे फक्त शेपूट हलली," बाई म्हणाल्या. "कशी हलली ते बघा."

१४ जानेवारी

ह्या कुत्र्याला पाच नावं आहेत. लसीच्या कार्डावर वाघोबा (नवऱ्याचा विनोद), मी ठोंब्या म्हणते, बाबा 'अरे ए' म्हणतात, वहिनी 'शुक', दूधवाला 'काळ्या'. फौजदारबाई म्हणाल्या होत्या, "त्याला वाटत असेल ह्या घरात पाच कुत्री आहेत आणि बाकीची चार कामचुकार." आज ठरलं — ठोंब्या. बहुमताने. बाबांचं मत विरुद्ध.

१५ जानेवारी, सोमवार

शब्दांची यादी करून फ्रिजवर लावायची होती. एका कामाला एकच शब्द, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. बाबा आणि मी समोरासमोर बसलो. किती दिवसांनी असे बसलो! एरवी तासन्‌तास एका खोलीत असतो, पण 'जेवलात का' आणि 'औषध घेतलं का' ह्यापलीकडे आमचं बोलणं कुठे जातं?

'बस' वर गाडी अडली. जेवताना मी भात वाढला, बाबा म्हणाले, "बस! बस!" ठोंब्या ताडकन बसला. शाबासकीसाठी बघतोय. कुणी दिली नाही, तर उठून पुन्हा बसला. "अगं बस म्हटलं ना!" बाबा मला म्हणाले, आणि तो तिसऱ्यांदा बसला. मला हसू आवरेना. ठसका लागला.

ठरलं. जेवताना 'पुरे' म्हणायचं. 'चालेल' म्हणायचं नाही, कारण 'चल' ऐकून तो दाराकडे पळतो. मला मदत हवी असेल तर 'ये' म्हणायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. ह्या घरात आता कुत्र्याहून जास्त आम्हीच जपून बोलतो.

२० जानेवारी, शनिवार

आज भांड्याचा धडा. ठोंब्या जेवत असताना बाबांनी लांबून जायचं, जाता जाता कलेजीचा तुकडा टाकायचा, थांबायचं नाही. पुन्हा. पुन्हा. दहाव्या फेरीला बाबा आले की ह्याचं तोंड भांड्यातून वर! ह्याला कळलं, हा माणूस आला की भांड्यातलं जात नाही, वाढतं.

"आता हात दुखतोय का, मशीनवाले?" बाईंनी विचारलं. 'आजोबा' बंद झालंय.

"हात नाही. गुडघे."

२४ जानेवारी, बुधवार

दुपारच्या सुट्टीत फौजदारबाईंच्या घरी गेले. एकट्याच राहतात. अंगणात तीन म्हातारी कुत्री, तिघंही निवृत्त. एकाने उठायची तसदी घेतली.

त्यांना पत्राचं सांगितलं. ह्या वहीशिवाय पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. मी म्हटलं, कुत्रा माझ्याच मागे मागे असतो. मी कामावर गेले की दारात पडून राहतो. मी गेल्यावर दोघंही तसेच पडून राहिले तर?

त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला पुसट व्हावं लागेल. खाणं त्यांच्या हातचं. फिरणं त्यांच्याबरोबर. खेळ त्यांचा. तुम्ही घरात असायचं, पण भिंतीसारखं. तो आला तर हाकलायचं नाही, पण बोलवायचंही नाही."

"किती दिवस?"

"कुत्र्याला सहा आठवडे पुरतात. तुमचं मला माहीत नाही."

२ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंत होणं फार अवघड आहे.

संध्याकाळी दार उघडलं. नेहमीसारखा धावत आला, मागचं अर्धं अंग हलवत. मी चपला काढल्या, पिशवी उंच खुंटीला लावली (एवढा शहाणपणा आलाय), आत गेले. तो मागे आला. चेंडू घेऊन आला. माझ्या पायावर ठेवला. मी दातांच्या पेटीत तोंड घालून बसले. त्याने चेंडू उचलला, माझ्या मांडीवर ठेवला, एक पाऊल मागे सरकून उभा राहिला. त्याला वाटलं, तिला दिसला नसेल.

बाबांनी टाळी वाजवली. तीनदा वाजवावी लागली. मग गेला.

मी एका आजोबांचे पुढचे दात बसवत होते. सगळे वाकडे लागले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

बाबा ठोंब्याला हातांनी काही सांगत होते. फौजदारबाईंनी शिकवलेल्या खुणा नव्हेत, भलत्याच. मूठ छातीशी — ठोंब्या थांबला. दोन बोटं मनगटावर आपटली — ठोंब्या आला. दोन्ही पंजे उलटे करून झटकले — ठोंब्या गेला आणि आपलं रिकामं भांडं तोंडात धरून आला!

"हे काय?"

"छापखान्यातलं," बाबा म्हणाले. "मशीन सुरू झालं की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. सगळं हातांनी चालायचं. हे म्हणजे थांबव. हे म्हणजे इकडे ये. आणि हे म्हणजे कागद संपला."

एकतीस वर्षं बोलले ही भाषा. बरोबरीचे सगळे गेले, कुणी देवाघरी, कुणी मुलाकडे. माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, मी एकदाही ह्या खुणा पाहिल्या नव्हत्या. कुणाशी करणार होते?

मी विचारलं, "'जेवायला चला' कसं म्हणायचे?" त्यांनी करून दाखवलं. आम्ही दोघंही उठलो — मी आणि ठोंब्या.

७ फेब्रुवारी

कामावर एका मुलीला 'कागद संपला' करून दाखवलं. तिला वाटलं, माझ्या हाताला मुंग्या आल्यात.

१० फेब्रुवारी, शनिवार

फौजदारबाईंनी बाबांच्या खुणा पाहिल्या. सगळ्या पुन्हा एकदा करून दाखवायला लावल्या. मग म्हणाल्या, "मशीनवाले, ह्या मलाही शिकवा."

बाबांनी शिकवल्या. त्या चुकल्या की बाबा म्हणायचे, "अंहं, अशानं कागद फाटेल."

२० फेब्रुवारी, मंगळवार

डोकं दुखत होतं म्हणून लवकर घरी आले. बाबा आमच्या दाराबाहेर जिन्यावर बसलेले! हातात घड्याळ. दार बंद, ठोंब्या आत एकटा.

"काय झालं?"

"काही नाही. हवा खातोय."

जिन्यात? तिथे साधी झुळूकही येत नाही. वर जाऊन वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "रोजचंच आहे. आधी दहा मिनिटं बसायचे, आता दोन-दोन तास. आणि त्या कुत्र्याला घेऊन गच्चीपर्यंत चढतात-उतरतात. ह्या वयात! तुम्ही घरात काही बोललात का त्यांना?"

मी काही बोलले नाही. हाच तर घोळ आहे.

२४ फेब्रुवारी

ठोंब्या आज दुपारी बाबांच्या पायावर डोकं ठेवून झोपला. माझ्या नाही. जे हवं होतं ते झालं. छान झालं. आता मी ह्यावर काही लिहिणार नाही.

२ मार्च, शनिवार

शिकवणी संपल्यावर फौजदारबाई म्हणाल्या, "गाडीपर्यंत या जरा." मी गेले.

"मी नोकरीत असताना खबऱ्यांच्या गोष्टी वर्षानुवर्षं पोटात ठेवल्या. पण तुमच्या घरचं आता माझ्या पोटात राहत नाही. तुमचे सासरे दर मंगळवारी माझ्याकडे येतात. ठोंब्याला घेऊन."

"कशाला?"

"त्याला नऊ तास एकटं राहायला शिकवायला. जिने चढायला. लिफ्टमध्ये न घाबरायला. लहान खोलीत गुमान पडून राहायला. म्हणतात, माझी सून परगावी जाणार आहे, पाचव्या मजल्यावर. तिथे तिचं कोणी नाही. कुत्रा तिच्याबरोबर गेला पाहिजे."

मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले.

"त्यांना कसं कळलं?"

"लॅबवाल्यांनी घरी फोन केला होता. त्यांना सगळं ऐकू आलं नाही. 'एप्रिल' आणि 'पाचवा मजला' एवढं आलं. बाकीचं त्यांनी ताडलं." मग त्या म्हणाल्या, "एकाच कुत्र्याला तुम्ही दोघं आपल्याशिवाय जगायला शिकवताय. तो बिचारा शिकतोय दोन्हीकडे! माझ्या अख्ख्या नोकरीत असा विद्यार्थी नव्हता."

वर आले. बाबा ठोंब्याच्या कानामागे खाजवत बसले होते. "बाई काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "नखं कापायला झालीत म्हणाल्या."

३ मार्च, रविवार

बोललो. सगळं.

सासऱ्यांशी मनातलं बोलायचं आणि तेही ओरडून! हळुवार काही बोलताच येत नाही. "मी तुम्हाला फसवलं नाही!" — काय? — "फसवलं नाही म्हटलं!" — बसवलं? — ठोंब्या बसला.

बाबा म्हणाले, "तू पोरीसारखी राहिलीस. पण पोर असतीस तर मी तुला तीन वर्षं ह्या घरात बसू दिलं असतं का? हाताला धरून बाहेर काढलं असतं. सून म्हणून बोललो नाही. वाटलं, तुला वाटेल घालवतोय."

मी म्हटलं, "तुम्ही चला माझ्याबरोबर."

"नाही."

"का?"

"हे घर मी उभं केलं. पोरगा ह्या घरात वाढला. मला इथून हलवू नकोस. पण तू जा. आणि हा तुझ्याबरोबर जाईल. संध्याकाळी दार उघडल्यावर कुणीतरी धावत यायला हवं माणसाला."

"आणि तुम्हाला नको?"

"मी आतच असतो. माझ्यासाठी कोण धावत येणार?"

मी रडायला लागले. ते त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून बाबा भांडत राहिले. मग चेहऱ्याकडे बघितलं आणि थांबले. वरून खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "अहो, रडवू नका तिला!" म्हणजे साऱ्या इमारतीने ऐकलं तर.

९ मार्च, शनिवार

आम्ही दोघांनी एक शक्कल काढली होती. मैदानाच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्याला मी, मध्ये ठोंब्या. दोघांनी एकदम बोलवायचं. ज्याच्याकडे जाईल त्याचा.

फौजदारबाई पट्टा धरून मध्ये उभ्या होत्या. आम्ही काय करतोय हे कळल्यावर अशा काही संतापल्या! सगळं मैदान वळून बघायला लागलं.

"बघा त्याच्याकडे! दोघंही बघा!"

बघितलं. कान मागे पडलेले. जांभई. ओठांवरून जीभ. एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे, आणि मग खाली बसून जमीन हुंगायला लागला, जणू तिथे काही फार महत्त्वाचं पडलंय.

"तो तुमचा पंच नाही," बाई म्हणाल्या. "निर्णय माणसांनी घ्यायचे. ते करायला धीर होत नाही म्हणून मुक्या जिवाच्या गळ्यात बांधता?"

बाबा मान खाली घालून आले. खिशातून कलेजी काढून त्याला दिली. (बाबांच्याही खिशात कलेजी! इस्त्रीच्या शर्टात!)

"मग तुम्ही सांगा, बाई," ते म्हणाले. "त्याला काय बरं?"

त्या ठोंब्याशेजारी उकिडव्या बसल्या. "नऊ तास एकटा राहील तो. तुम्ही शिकवलंत तसं राहील. पण राहता येणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं. इथे दिवसभर माणूस आहे. दोन वेळचं फिरणं आहे. त्याला तुमचे हात कळतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल."

वाटलं. पण खरं होतं.

बाबा म्हणाले, "आणि हिला?"

"तिला तुम्ही फोन करा. त्यासाठी आधी कान घ्या."

१५ मार्च, शुक्रवार

कान आले! फौजदारबाईच बाबांना घेऊन गेल्या होत्या. मी तीन वर्षं मागे लागले तेव्हा नाही गेले, त्यांनी एकदा सांगितलं तर गेले. असो.

घरात आल्यावर बाबा दारातच थांबले. ठोंब्या धावत आला.

"हा काय आवाज?"

"त्याची नखं, बाबा. फरशीवर."

"रोज वाजतात?"

मग खुर्चीवर बसून नुसतं ऐकत राहिले. ठोंब्या पाणी पितानाचा लपलप आवाज. अंग झटकलं की कानांची फडफड. झोपायच्या आधी सोडतो तो लांब सुस्कारा. झोपेत नाकातून काढतो ती बारीक कूं-कूं. तीन वर्षं हे घरात चाललं होतं आणि बाबांकडे कुत्र्याचं फक्त चित्र होतं. "हा बोलतो किती!" एवढंच म्हणत होते. मी भाजी चिरत होते. म्हणाले, "तूही पुटपुटतेस. कांद्याशी."

२३ मार्च, शनिवार

शिकवणीचा शेवटचा दिवस होता म्हणे. ठोंब्याने सगळं केलं. बाबांनी भांड्यात हात घातला, त्याने वर बघून शेपूट हलवली. सैलसर, खाली, ऐसपैस. आता मला कळतं कशी हलते ते.

बाई म्हणाल्या, "तुम्ही आता भिंत राहायची गरज नाही. आठवडा आहे. लाड करून घ्या."

मी मैदानातच मातीत बसले. त्याने क्षणभर खात्री करून घेतली. मग आला तो सगळ्या अंगासकट आला. माझा चष्मा कुठे गेला, ओढणी कुठे गेली, पत्ता नाही. दोन महिन्यांचं सगळं एकदम चाटून काढलं. जराही राग धरला नव्हता. माणसाला जमलं असतं?

३१ मार्च, रविवार

निघाले. बाबांनी बसस्टॉपवर हात केला तो आधी नेहमीसारखा, मग मूठ छातीशी — थांब. मी गाडीच्या खिडकीतून विचारलं, "काय?" ते हसले. "चुकून झालं."

त्यांच्या शेजारी ठोंब्या बसला होता, शहाण्यासारखा. फौजदारबाईंनी सांगितलं होतं, निघताना मिठ्या नाहीत, रडणं नाही, कामाला निघाल्यासारखं निघायचं. मी तसंच निघाले. पहिलं वळण येईपर्यंत.

७ एप्रिल, रविवार

काम चांगलं आहे. सहाजणांतले चार माझ्याहून मोठे, तरी ऐकतात. खोलीत उजेड भरपूर. संध्याकाळी दार उघडताना अजून पाय जपून टाकते, खाली कुणी असेल म्हणून.

बाबांचा रोज फोन. पहिल्याच वाक्यात ऐकू येतं त्यांना! आज फोन ठोंब्याच्या कानाला लावला. मी हाक मारली. बाबा म्हणाले, "फोनच्या मागे जाऊन बघतोय."

मी विचारलं, "दारात पडून असतो का?"

"पहिले दोन दिवस होता. मी पण होतो."

१३ एप्रिल

फोन केला, लागला नाही. पुन्हा केला. बाबा धापा टाकत म्हणाले, "आम्ही फिरायला आलोय. पाच कुत्री आहेत. नंतर कर!"

पाच? एक आमचं, तीन बाईंची. पाचवं कुणाचं?

१४ एप्रिल, रविवार

पाचवं बहिरं पिल्लू आहे. फौजदारबाईंकडे कुणीतरी सोडून गेलं. बाबा त्याला हातांनी शिकवतात. "हुशार आहे," म्हणाले. "कागद संपला एका दिवसात शिकलं."

२१ एप्रिल, रविवार

बाबांचा फोन. आधी बराच वेळ ठोंब्याचं पोट कसं आहे ते सांगितलं. मग माझी खोली, माझं जेवण. मग घसा खाकरला.

"फौजदारबाईंना मी एक विचारलं. त्या हो म्हणाल्या. पण म्हणाल्या, आधी सुनेला विचारा, तिची ना असेल तर माझीही ना. तर... विचारतोय."

मला वाटलं, मलाच नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. ते बिचारे पुन्हा बोलले, शब्दन्‌शब्द, तसाच घसा खाकरून. मी हो म्हटलं. मग खिडकीशी जाऊन मोठ्याने हो म्हटलं.

आत्ताच रजेचा अर्ज लिहिला. कारण — सासऱ्यांचं लग्न.